पलंगापर्यंतची काळी रेघ

“काळी आधी. काळी घट्ट बसल्याशिवाय लालला हात लावायचा नाही. आणि विश्वास डोळ्यावर नाही, मीटरवर.”

टेलरबाईंच्या यजमानांचं हे सांगणं. यजमान रेडिओ-मेकॅनिक होते आणि हे ते फक्त वायरींबद्दल सांगायचे, पण सूर असा की सोयरीक जुळवण्यापासून घर बांधण्यापर्यंत सगळ्याला हेच लागू आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. आवाज मात्र अजून शिवणाच्या टेबलापाशीच घुटमळत होता, आणि त्या सोमवारी दुपारी तर तो इतका स्पष्ट आला की टेलरबाईंनी हातातली काळी वायर खाली ठेवून आधी मागे वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. मागे बोळ होता, आणि बोळाच्या टोकाला, डावीकडे वळल्यावर, वन्संची खोली.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारले, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी येऊन बोलण्यातून शिक्के मारायला लागल्या. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं, चार पायांचा वॉकर घरी आला, आणि वन्संनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला. तेव्हापासून तो टॉवेलचाच होता.

“माझे दोन पाय मला सांभाळता येईनात, त्यात ह्याचे चार कुठे सांभाळू,” असं त्या येईल त्याला सांगत. येणारा हसे. टेलरबाई हसत नसत. पलंगाच्या कडेशी बसवलं की वन्संची नजर दारापर्यंतच्या मोकळ्या फरशीवर कशी जाते आणि कशी घाईने परत येते, हे त्यांनी पाहिलं होतं. ती फरशी म्हणजे वन्संना नदी होती. पण हे बोलायचं कुणी, आणि वन्संपुढे.

बोललं कोण, तर नर्सबाई. गेल्या शुक्रवारी आल्या, वॉकरवरचा ओला टॉवेल दोन बोटांनी उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता येते. इथून दुकानाच्या दारापर्यंत चालून दाखवा. नाहीतर मी वृद्धांच्या संस्थेचा कागद भरणार. घरात दुसरं माणूस एकच, तेही दिवसभर मशीनवर. पुन्हा पडलात तर उचलायचं कुणी?”

वन्संनी त्यांना संस्थेत जेवण वेळेवर मिळतं का, एवढंच विचारलं. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी घंटा नेहमीपेक्षा दुप्पट वाजली. घंटा सायकलची होती, पलंगाच्या कठड्याला बांधलेली. चष्मा हवा, एकदा. चष्मा नको, दोनदा. गोळीची वेळ झाली, लागोपाठ. टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या, हातात कुणाच्या तरी बाहीचं माप, आणि बोळातून ट्रिंग ट्रिंग. दिवसाला चाळीस खेपा सहज होत.

त्यात सकाळी आणखी एक पंचाईत. टेलरबाई दुपारी बारापर्यंत बोलत नसत. यजमान आजारी पडले तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला होता की रोज माध्यान्हापर्यंत मौन पाळीन. यजमान गेले. पण शब्द दिला होता तो काही अटीवर दिला नव्हता, म्हणून मौन राहिलं. गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. सकाळी येणाऱ्यांशी त्या पाटीवर लिहून व्यवहार करत, आणि काही जण तर मुद्दाम सकाळीच येत, कारण लिहून कुणी घासाघीस करत नाही. वन्संचं म्हणणं वेगळं होतं. “अर्धा दिवस मुकी, उरलेला अर्धा मशीनच्या खडखडाटात बहिरी. माझ्या नशिबात भावजय आहे ती अशी.”

तर सोमवारी मशीनचा पट्टा सैल झाला म्हणून टेलरबाई यजमानांच्या पेटाऱ्यात पेचकस शोधायला गेल्या आणि हाताला गाडी लागली. चपलेच्या खोक्याएवढी, तीन चाकांची, वरती ताटली. यजमानांनी ती खास ह्या घरासाठी सुरू केली होती: दुकानातून मागच्या खोलीपर्यंत आपली आपण जाणारी, चहाचा कप नेणारी. जमिनीवरची काळी रेघ धरून चालायची. चाकं बसली होती, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे गाडीचा मेंदू, बसला होता, त्यात काय भरायचं तेही रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्यांकडून भरून आणलं होतं. राहिले होते ते फक्त डोळे. ते एका कागदी पुडीत तसेच होते, नखाएवढे दोन, आणि पुडीवर यजमानांच्या अक्षरात लिहिलेलं: डावा डोळा २, उजवा डोळा ३.

टेलरबाई ती गाडी घेऊन मागच्या खोलीत गेल्या. वन्संनी चष्मा लावून तिला सगळीकडून न्याहाळलं.

“आमच्या बंधुराजांनी जन्मात एक काम शेवटाला नेलं नाही,” त्या म्हणाल्या. “शाळा अर्धी, व्यायाम अर्धा, उघडलेले रेडिओ तर मोजायलाच नकोत. आता ही.”

“मी डोळे बसवते, वन्सं,” टेलरबाई हळूच म्हणाल्या. “चालेल ती.”

“चालली.”

“चालेल.”

“ही गाडी माझ्या पलंगापर्यंत आली ना,” वन्सं म्हणाल्या, “तर मी तिच्याच रेघेवरून चालत तुझ्या दुकानात येईन. जा. शब्द आहे माझा.”

वन्संनी तो शब्द कुचेष्टेने दिला होता. पण त्यांनी आजवर दिलेला कुठलाही शब्द, पत्ता चुकलेल्या पत्रासारखा का होईना, पोचला नाही असं झालं नव्हतं. टेलरबाईंनी मान डोलावली आणि दुकानात येऊन पुडी सोडली.

डोळा म्हणजे काय, तर एका बारक्या पट्टीवर दोन थेंब, एक पांढुरका आणि एक काळा. पांढुरका माणसाला न दिसणारा उजेड खाली टाकतो. खाली पांढरं असलं की तो उजेड उलटून काळ्या थेंबात येतो आणि पट्टीवरचा इवलासा दिवा लागतो. खाली काळं असलं की उजेड त्यात मुरतो, दिवा विझतो. एवढंच. एक डोळा रेघेच्या डाव्या अंगाला, एक उजव्या; ज्याला काळं दिसेल त्या बाजूला गाडीने वळायचं, दोघांना एकदम दिसलं की थांबायचं. प्रत्येक पट्टीला तीन पाय: एक विजेचा, एक जमिनीचा, एक निरोपाचा.

काळी आधी. टेलरबाईंनी काळी वायर जमिनीच्या पायात बसवली, ओढून पाहिली, मग लाल लावली. निरोपाच्या पिवळ्या दोन वायरी बोर्डावरच्या २ आणि ३ ह्या भोकांत लावायला हातात घेतल्या आणि तिथे अडल्या. गाडीचा डावा म्हणजे कुणाचा डावा? शिवणकामात डावा म्हणजे घालणाऱ्याचा डावा, ह्यात दुमत नाही. पण गाडी काही कपडे घालत नव्हती.

त्या विचारायला गेल्या. वन्संनी गाडी आपल्याकडे तोंड करून धरली आणि बोट ठेवलं. “हा डावा. मी मेकॅनिकची बहीण आहे, मला शिकवू नकोस.” आजारी माणसाशी वाद घालायचा नाही, हा टेलरबाईंचा आणखी एक नेम होता. वायरी वन्संच्या डाव्या-उजव्याने बसल्या.

फरशी गडद लाल, तिच्यावर काळी रेघ उठणार कशी, म्हणून टेलरबाईंनी पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी दुकानापासून पलंगापर्यंत अंथरली आणि तिच्या मधोमध काळी फीत शिवली. साधी नाही, समारंभाच्या कोटांना लावायची, मखमली, सगळ्यात काळी. पलंगाशी एक आडवा तुकडा, थांबण्यासाठी. बोळातलं वळण असं बेमालूम शिवलं होतं की त्याच्यावर एक सुरकुती नव्हती. गाडी ठेवली, बटण दाबलं.

गाडी सरळ निघाली, वळणापर्यंत सरळ गेली, आणि वळणावरही सरळच जाऊन कपाटाला धडकली. तिथे चाकं फिरवत, डोकं टेकून, रुसलेल्या माणसासारखी उभी राहिली. दोन्ही दिवे लख्ख पेटलेले.

“आली का?” खोलीतून आवाज आला.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. आता तर मौन. वन्सं पलंगावरून सूचना देत होत्या, त्यांना काहीच दिसत नसल्याने सूचनांना अंत नव्हता: चाकांना तेल घाल, फुंकर मार, बटण जोरात दाब. टेलरबाई पाटीवर उत्तर लिहून बोळ ओलांडून दाखवायला जात, आणि त्या पोचेपर्यंत वन्संचा प्रश्न बदललेला असे. एकदा गाडी दुकानाबाहेर सुटली आणि मापं द्यायला आलेल्या वकीलबाईंच्या पायांमधून रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. वकीलबाईंनी ती उचलून आणली आणि हिचा वाहन परवाना आहे का, असं विचारलं. टेलरबाईंनी पाटीवर ‘नाही’ असं लिहिलं.

बाराचा ठोका पडताच त्यांनी पार्टवाल्यांना फोन लावला. पार्टवाले यजमानांचे जुने स्नेही, मोठ्या धीराचे. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो म्हणाले, पडदे ओढा. डोळा जमिनीपासून करंगळीच्या जाडीएवढाच हवा म्हणाले. पट्टीवर बारका स्क्रू आहे, तो हलक्या हाताने फिरवून बघा. आणि शेवटी, जरा चाचरत, “वहिनी, रेघ काळीच आहे ना?”

टेलरबाईंना राग क्वचित येई. तीस वर्षं त्या काळ्या कापडाला काळा दोरा लावत आल्या होत्या. काळ्यातले सात प्रकार त्यांना दिवसाउजेडी वेगळे ओळखता येत: निळसर, लालसर, धुतलेला, जुना, असे. “काळीच आहे भाऊ,” त्या अगदी मऊपणे म्हणाल्या, “त्याहून काळी मिळत नाही.” पार्टवाल्यांनी माफी मागितली.

बुधवारभर पडदे ओढून काम चाललं. गिऱ्हाइकांना वाटलं घरात काहीतरी अशुभ घडलं. एकीने दारातच आवाज खाली करून विचारपूस केली. डोळे खाली आणले, करंगळी लावून मोजले. स्क्रू फिरवला. एका बाजूला फिरवला की गाडीला सगळंच पांढरं दिसे, दुसऱ्या बाजूला फिरवला की सगळंच काळं, आणि मग ती जागची हलत नसे. मधे काही नव्हतं. संध्याकाळी वन्संनी घंटाही वाजवली नाही. टेलरबाई गोळी घेऊन गेल्या तर म्हणाल्या, “ट्रंकेतली माझी जाड शाल वर काढून ठेव. तिकडे थंडी असते म्हणे.”

शुक्रवार परवावर आला होता.

गुरुवारी पहाटे टेलरबाईंनी नेमाप्रमाणे देवाच्या फळीवरचा दिवा लावला. अकरा वर्षं तो दिवा एक दिवस चुकला नव्हता. त्याची काजळी छताला धरू नये म्हणून यजमानांनी वरती एका रेडिओच्या पाठीचा पत्रा ठोकून दिला होता. आठवड्याला टेलरबाई तो खरवडत, आणि देवापुढची वस्तू केराच्या टोपलीत कशी टाकायची म्हणून काजळी बरणीत भरून ठेवत. अशा बरण्या तीन झाल्या होत्या. “लोक बरणीत साखर भरतात,” वन्सं म्हणत, “आमच्याकडे काजळी. पाहुणे आले की काय, चिमूटभर घालायची?”

वात सारखी करताना अंगठा काजळीने माखला. तो पुसायचा राहिला, आणि टेलरबाई तशाच गुडघ्यांवर बसून पट्टी सरळ करायला लागल्या. गाडी हाताने पुढे ढकलत एकेक वीत तपासत होत्या. फितीवर डोळा आणला, दिवा पेटलेला. मांजरपाटावर आणला, दिवा पेटलेला. आणखी थोडं पुढे, आणि दिवा विझला.

त्यांनी पाहिलं. डोळ्याखाली फीत नव्हती. त्यांच्याच अंगठ्याचा ठसा होता.

गाडी मागे घेतली, दिवा लागला. पुढे, विझला. विश्वास डोळ्यावर नाही, असा यजमानांचा आवाज पुन्हा टेबलापाशी आला. टेलरबाईंनी मीटर आणला, एक टोक पट्टीच्या जमिनीच्या पायाला, एक पिवळ्या वायरीला. मांजरपाटावर काटा शून्याशी. त्यांच्या त्या मखमली, सगळ्यात काळ्या फितीवर काटा शून्याशी. अंगठ्याच्या ठशावर काटा ताडकन पाचाला.

म्हणजे फीत गाडीला पांढरी दिसत होती. रंग माणसांसाठी लावलेला होता. त्या न दिसणाऱ्या उजेडाला तो कळतच नव्हता. टेलरबाई उठल्या, आणि डोळा, मीटर, लोंबत्या वायरी घेऊन दुकानातलं जे जे काळं होतं त्याला त्याला लावत सुटल्या. वकीलबाईंचा गाऊन: पांढरा. छत्री: पांढरी. एका कोटाचं अस्तर, जे गिऱ्हाइकाने तीनदा काळं नाही म्हणून परत केलं होतं: पांढरंच, बिचारा खरं बोलत होता.

बारा वाजायला साडेचार तास होते आणि सांगायला कोणी नाही. त्या तशाच वन्संच्या खोलीत शिरल्या. वन्सं नुकत्याच जाग्या होऊन वेणी सोडत होत्या. दर पंधरा दिवसांनी घरीच रंगवलेली, कोळशासारखी काळी वेणी. टेलरबाईंनी काही न बोलता डोळा त्या वेणीवर टेकवला. दिवा लख्ख पेटला.

वन्संनी दिव्याकडे पाहिलं, भावजयीच्या माखलेल्या हातांकडे पाहिलं. “ह्यालाही कळलं का,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर टेलरबाईंनी पाटीवर जे लिहिलं ते पाटीच्या दोन्ही बाजूंना पुरलं नाही. वन्संनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “बरण्या कुठे आहेत त्या?”

दुपारी डिंक भिजवला. तिन्ही बरण्या ओतल्या. अकरा वर्षांची काजळी डिंकात कालवून टेलरबाईंनी फितीवर, दुकानापासून पलंगापर्यंत, ब्रशने चढवली. वन्सं कुशीवर वळून पलंगाखाली वाकून बघत होत्या आणि इथे पातळ आलं, तिथे सुटलं, असं सांगत होत्या, आणि ह्या खेपेला त्यांना दिसत होतं त्यामुळे सांगणं बरोबर होतं. कडा कशा सरळ ठेवायच्या ते शिक्के मारणाऱ्याला विचारावं. संध्याकाळी दोघींच्या नाकावर काळं होतं. रात्रभर पट्टी वाळली.

शुक्रवारी दहा वाजता टेलरबाईंनी गाडीच्या ताटलीत गोळीची डबी ठेवली, देवाकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. वळणापर्यंत गाडी आली. एका डोळ्याला रेघ शिवली, दिवा विझला, आणि गाडी विंचू चावल्यासारखी रेघेपासून लांब पळाली. कपाट. पुन्हा सोडली. पुन्हा रेघ लागली की अंग चोरून दुसरीकडे. तिला दिसत होतं, ह्यात शंका नव्हती. दिसत होतं म्हणूनच पळत होती.

टेलरबाईंनी गाडी उचलून छातीशी धरली, जशी बाही लावण्याआधी कोट धरतात तशी, तोंड पुढे. आणि त्यांच्या लक्षात आलं. घालणाऱ्याचा डावा.

साडेदहा वाजून गेले होते. पाटीवर लिहिलं आणि खोलीत नेऊन दाखवलं: ‘डावा उजवा उलटा बसला होता. बदलू का?’ कुणी सांगितला होता, हे लिहिलं नव्हतं.

वन्संनी वाचलं. खिडकीकडे पाहिलं. “पाटीवर एवढी जागा होती,” त्या म्हणाल्या, “तर माझं नाव लिहायचंस की.” आणि मग, “बदल.”

वायरी बदलायला किती वेळ लागतो. एक काढली, दुसरी काढली, इकडची तिकडे. ओढून पाहिल्या. गाडी ठेवली.

ह्या खेपेला ती निघाली ती जणू रोजचीच वाट असल्यासारखी. वळणाशी जरा घुटमळली, डावीकडे मान वळवली, वळली. रेघ डावीकडे तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, थोडी झुलत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने बोळ ओलांडून खोलीत शिरली. टेलरबाई तिच्या मागे चार पावलं, पदर तोंडाला लावून. पलंगाशी आडव्या रेघेवर दोन्ही दिवे एकदम विझले आणि गाडी थांबली.

वन्संनी वाकून डबी उचलली. उघडली. गोळी मोजून घेतली, पाणी प्यायल्या. गाडीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“शेवटाला नेलंस त्याचं एक तरी,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, कारण त्या टेलरबाईंकडे बघत नव्हत्या.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. शब्दाची आठवण करून द्यायला टेलरबाईंना तोंड नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ती दिली नसती. हात पुढे करावासाही वाटला. पण ज्या गिऱ्हाइकाला नवा कपडा घालून पाहायचा असतो त्याच्याकडे पाठ करायची असते, हे त्यांना तीस वर्षांत कळलं होतं. त्यांनी गाडी उचलली, रेघेच्या कडेने पाय टाकत दुकानात आल्या, आणि बोळाकडे पाठ करून मशीनवर बसल्या. वकीलबाईंच्या गाऊनची किनार राहिली होती. सुई खाली घेतली, पण पाय पायडलवर ठेवून तसाच राहू दिला, कारण मशीन सुरू झालं असतं तर काही ऐकू आलं नसतं.

आधी बराच वेळ काहीच नाही. मग पलंग करकरला. मग ओला टॉवेल झटकल्याचा आवाज आला, आणि तो घडी करून उशाशी ठेवल्याचा. वन्संना कुठलीही वस्तू घडी केल्यावाचून ठेवता येत नसे.

मग वॉकरचे चार रबरी पाय मांजरपाटावर टेकले, आणि त्यांच्या मागून, काळ्या रेघेवर, एक पाऊल.